छोटी वर झोपेल

आमच्या घरी कुठेही जायचं ठरलं की आधी हॉलमध्ये झोपून बघावं लागतं.

हे बाबांचं खूळ. बाबा लोकांच्या घरी स्वयंपाकघरातली कपाटं बसवतात. एकदा म्हणे एका बाईंचं कपाट कागदावर अगदी फिट्ट बसलं आणि भिंतीपाशी नेल्यावर खिडकीत घुसलं. तेव्हापासून त्यांचा नुसत्या आकड्यांवर विश्वास नाही. तंबूत राहायला गेलो होतो तेव्हा त्यांनी पिवळ्या चिकटपट्टीने हॉलमध्ये तंबू आखला होता आणि आम्ही सगळे त्यात ओळीने आडवे झालो होतो, बरणीत भरल्यासारखे. त्यामुळे क्रूझचं ठरलं तेव्हा बाबा चिकटपट्टी काढणार हे मला ठाऊकच होतं. मी सोफा आधीच भिंतीला ढकलून ठेवला.

क्रूझची कल्पना काकांची, पण तयारी सगळी माझी. वादविवाद स्पर्धेत पहिली आल्यापासून काका मला वकीलबाई म्हणतात. त्यांना वाटतं, त्याने मी चिडते. मुळीच नाही. मला ते आवडतं. आधी मी घरात काही बोलायला तोंड उघडलं की कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवायचं. आता निदान माझं वाक्य पूर्ण होऊ देतात. एजंटबाईंशी बोलायचं, बोटीचा नकाशा छापून आणायचा, कोण कुठल्या केबिनमध्ये ते त्यांना कळवायचं, हे सगळं माझ्याकडे आलं आणि मी हवेत होते.

केबिन तीन. दोन बाल्कनीवाल्या, दार उघडलं की समोर समुद्र. एक आतली, चौघांची, तिला खिडकीसुद्धा नाही. आतल्या केबिनमध्ये खाली दोन पलंग आणि दोन छतात घडी करून ठेवलेले. रात्री कर्मचारी येऊन ते खाली ओढतो आणि शिडी लावून देतो.

रविवारी दुपारी बाबांनी तिन्ही केबिन आखल्या. दोन हॉलमध्ये, तिसरी जेवणाच्या टेबलाखालून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. मग नकाशा हातात घेऊन एकेकाला झोपवायला लागले.

"हिची आई आणि मी इथे. वहिनी, तुम्ही आणि दादा तिकडे." बाबा काकांना दादा म्हणतात. काका थोरले, आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचं टायरचं दुकान आहे आणि ते स्वतःही टायरसारखेच आहेत, कुठूनही दाबलं तरी परत फुगतात. ते आणि काकू आपल्या चौकोनात जाऊन ऐसपैस पसरले. काकूने उशीसुद्धा आणली होती.

"बाल्कनी कुठेय?" काकूने डोळे मिटून विचारलं.

"तुझ्या पायाशी," काका म्हणाले. "पाय जरा लांब कर, समुद्रात जातील."

सगळे हसले. मीही हसले. इथपर्यंत सगळं छान होतं.

"आता मुलांची खोली," बाबा म्हणाले. "ही आणि जुळे आणि छोटी."

जुळे म्हणजे काकांचे. पाच वर्षांचे. मी त्यांना भोंगा आणि शिट्टी म्हणते. का, ते त्यांच्याजवळ पाच मिनिटं बसलं की कळतं. आणि छोटी म्हणजे माझी आत्या. बाबा आणि काकांची धाकटी बहीण, म्हणून छोटी. ती चाळिशी ओलांडलेली आहे, दोन्ही भावांपेक्षा उंच आहे आणि चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. तिने लग्न केलं नाही. या एका गोष्टीवरून आमच्या घरात असं ठरलंय की ती कुठेही मावते. घरी तिचा पलंग जुळ्यांच्या खोलीत. तिचे कपडे त्यांच्या कपाटाच्या वरच्या खणात, खाली सगळी खेळण्यातली रणगाड्यांची फौज. मागच्या सहलीला भोंग्याचं पोट बिघडलं तेव्हा सगळे धबधबा बघायला गेले आणि आत्या लॉजवर बादली घेऊन बसली. परत आल्यावर सगळ्यांनी तिला फोटो दाखवले. तिने ते बघितलेही.

बाबांनी टेबलाखाली गाद्या टाकल्या. एकीवर मी. दुसरीवर भोंगा, आणि शिट्टीला वरच्या पलंगावरून पडायची भीती, म्हणून तोही भोंग्याच्याच शेजारी. उरले वरचे पलंग.

"छोटी वर झोपेल," काका आपल्या समुद्रातून म्हणाले.

"हो, पण वरचा पलंग जमिनीवर कसा आखू?" बाबांनी डोकं खाजवलं. "छोटी, तू असं कर, तू वर आहेस असं समज. तोवर तिथे खुर्चीवर बस."

आणि आत्या बसली. चौकोनाच्या बाहेर, स्वयंपाकघराच्या दारात, मांडीवर रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन. आम्ही सातजण पिवळ्या रेघांच्या आत आणि ती एकटी बाहेर बसलेली, आणि कुणाला त्यात काहीच वावगं दिसेना.

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"आत्याचा गुडघा दुखतो," मी म्हटलं. "ती शिडी चढणार नाही."

"अगं, चार पायऱ्या तर आहेत," काकू म्हणाली.

"मग तू चढ."

"ए," आई तिच्या चौकोनातून म्हणाली. आईच्या एका 'ए'मध्ये पूर्ण परिच्छेद असतो.

मी उठून बसले. टेबलाला डोकं आपटलं, त्याने माझा राग आणखी वाढला. "जुळे काकांचे आहेत. मग काका-काकू आणि जुळे या केबिनमध्ये का नाहीत? तेही चौघंच आहेत. आत्याला बाल्कनी द्या. एकदा तरी तिला वेगळी खोली मिळू दे."

काका कोपरावर टेकून उठले. "वकीलबाई, एकट्या माणसाला अख्खी केबिन कशाला लागते? काय करणार ती तिथे?"

"तुम्ही काय करणार आहात तेच. झोपणार."

बाबांना हसू आलं, ते त्यांनी नकाशामागे लपवलं. काकांना मात्र आलं नाही. "छोटी, तुला काही अडचण आहे का गं?"

"मला काहीही चालेल," आत्या म्हणाली.

"बघ. जिचं लग्न तिला काही नाही आणि तू कशाला अक्षता वाटत फिरतेयस?" काका परत आडवे झाले. "फार शेफारलीय ही. स्पर्धेत एक कप काय मिळाला."

खरं सांगू का, मला काकांपेक्षा आत्याचा जास्त राग आला. काहीही चालेल. हे ती जेवताना म्हणते, टीव्हीचा रिमोट हातातून काढून घेतला तरी म्हणते. असं वाटलं की तिच्या मांडीवरचा ट्रे उचलावा आणि आपटावा, निदान आवाज तरी होईल. मी काही आपटलं नाही. एजंटबाईंचा नंबर माझ्याकडे होता.

सोमवारी संध्याकाळी मी त्यांना कळवून टाकलं. काका, काकू आणि जुळे आतल्या केबिनमध्ये. आई-बाबा एका बाल्कनीत आणि मी त्यांच्या सोफ्यावर. दुसरी बाल्कनी आत्याला, एकटीला. माझीही मऊ गादी मी सोडून दिली होती, त्यामुळे मला स्वतःचा फारच अभिमान वाटत होता. एजंटबाई कामाला चोख. त्यांनी लगेच आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलं की सर्वांच्या केबिन पक्क्या झाल्या, अभिनंदन, आणि खाली एक नाचणारा डॉल्फिन.

डॉल्फिन नाचायचा थांबायच्या आत काका जिना उतरून खाली.

त्यानंतर काय झालं ते सगळं लिहीत नाही. काका म्हणाले, हिच्या हातात फोन कुणी दिला. बाबा म्हणाले, तूच दिलास दादा. काकू म्हणाली, खिडकी नसलेल्या खोलीत तिचा जीव घुसमटतो. मी म्हटलं, आत्याला काय माशासारखे कल्ले आहेत का. आईने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दबक्या आवाजात झापलं, मोठ्यांच्या भांडणात तोंड घालू नकोस, तुला काय माहितीय कुणाला काय हवंय. मी म्हटलं, माहितीय. तेव्हा आई नळ जोरात सोडून भांडी घासायला लागली. भांडी आधीच घासलेली होती.

आत्या त्या दिवशी दुकानातून उशिरा आली, जेवली आणि जुळ्यांच्या खोलीत गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, भरून आलं असेल.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरळ तिच्या दुकानात गेले. पुढे काउंटरवर मालक एका आजोबांना फ्रेमा दाखवत होते. मागे पडद्याआड आत्याची जागा. लहानसं टेबल, दिवा, आणि काच घासायचं यंत्र, त्यावर सतत पाण्याची बारीक धार. आत्याने डोळ्यांवर जाड संरक्षक चष्मा लावला होता. मी स्टुलावर बसले आणि आभार ऐकायची वाट बघायला लागले.

"तुला कुणी सांगितलं होतं?" तिने विचारलं. मान वर न करता.

"काय?"

"एजंटबाईला फोन करायला. मी सांगितलं होतं?"

पुढे गिऱ्हाईक होतं म्हणून ती हळू बोलत होती. पण आत्या असं बोलू शकते हेच मला माहीत नव्हतं. एकेक शब्द जणू त्या यंत्रावर धार लावून ठेवत होती.

"मी तुझ्यासाठी भांडले," मी म्हटलं. "सगळ्यांशी. काका माझ्याशी बोलत नाहीयेत."

"मला यायचंच नव्हतं."

यंत्र घरघरत होतं. मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे मला बोटीवर यायचंच नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी मी सांगणार होते की मालकांनी रजा नाकारली. रजा मी केव्हाच घेतलीय. तुम्ही सगळे जाणार आणि घरात कुणी नसणार. मी दिवस मोजत होते, कळलं? आणि तू मला बाल्कनी देऊन ठेवलीस. आता नाही म्हटलं तर काय होईल? एवढं रामायण झालं, मुलीने सगळ्यांशी वैर घेतलं, आणि हिची मिजास बघा. आता मला मुकाट यावं लागणार. तुझ्या बाल्कनीत बसायला."

"मला काय माहीत..."

"विचारलंस?" तिने काच यंत्रावरून उचलली, दिव्यासमोर धरली, परत लावली. "भाऊ मला न विचारता वर झोपवतात. तू न विचारता बाल्कनीत झोपवलंस. फरक काय पडला? तू दिलेली जागा बरी आहे, एवढाच."

माझे कान तापले. स्पर्धेत मला समोरच्याचा प्रत्येक मुद्दा खोडता आला होता. हा खोडता येईना. म्हणून मी दुसरीकडून घुसले.

"विचारून काय उपयोग होता? तू म्हणाली असतीस, काहीही चालेल. काका विचारतात तेव्हा तेच. आई विचारते तेव्हा तेच. तुझ्या तोंडात दुसरं वाक्यच नाही."

"हळू बोल."

"नाही बोलणार हळू. तू खोटं सांगून आठ दिवस घरात राहशील. मग आम्ही येऊ आणि तू परत रणगाड्यांच्या वर. पुढच्या सहलीला परत रजा नाकारणार का तुझे मालक? आणि मालकांना माहितीय का, त्यांच्या नावावर काय काय खपतंय?"

पडद्याच्या पलीकडे मालक खाकरले.

आत्याने यंत्र बंद केलं. पाण्याची धार थांबल्यावर खूपच शांत वाटायला लागलं. तिने संरक्षक चष्मा काढला. नाकावर दोन लाल वळ होते.

"घरी जा," ती म्हणाली.

"आत्या..."

"जा म्हटलं ना. मला काम आहे."

मी गेले. अख्खा रस्ता दगडाला लाथा मारत गेले. माझं चुकलं होतं हे मला कळत होतं, आणि तिचंही चुकतंय हेही कळत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी कळलं की राग कुठे ठेवायचा तेच सुचत नाही.

रात्रीच्या जेवणाला सगळे होते. काका माझ्याकडे पाठ करता येईल अशा खुर्चीवर बसले होते. बाबा त्यांना समजावत होते की एजंटबाई उद्या दुपारपर्यंत बदल करून देतील, परत पहिल्यासारखं करू, छोटीची काही हरकत नसेल.

"माझी आहे," आत्या म्हणाली.

बाबांच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"मी येत नाहीये. माझं नाव काढून टाका."

काकांनी सुस्कारा सोडला. "झालं. रुसली. अगं, घे बाल्कनी. नाक मुठीत धरून झोपू आम्ही त्या डबीत."

"रुसले नाही. यायचं नाही."

"रजा मिळाली नाही का?" आईने घाईने विचारलं. तिने आपल्या परीने दार उघडून दिलं होतं. आत्याने नुसतं हो म्हटलं असतं तरी सगळं मिटलं असतं, काकांचा मानही राहिला असता. मी पानात बघत बसले.

"मिळालीय, वहिनी."

"मग बरं वाटत नाही का?"

"ठणठणीत आहे. मला घरी राहायचंय. तुम्ही कुणी नसताना."

असं वाक्य आमच्या टेबलावर आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. काकांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. "आम्ही नसताना? म्हणजे आमचा जाच होतो तुला इथे? हेच ऐकायचं राहिलं होतं. एवढी वर्षं काय कमी केलं तुला?"

"खोली," आत्या म्हणाली.

तिने आवाज चढवला नाही. पोळी मोडावी तितक्या सहज म्हणाली. काकांनी आमटीची वाटी पुढे ओढली, परत मागे सारली; या वेळी ते फुगले नाहीत.

काकूला मात्र वेगळीच काळजी. "आणि मुलांजवळ कोण झोपणार बोटीवर? संध्याकाळचे कार्यक्रम असतात मोठ्यांचे. आम्ही तिकिटंसुद्धा..." मग तिला स्वतःचं वाक्य ऐकू आलं असावं, कारण ती मध्येच थांबली. पण बाहेर पडायचं ते पडलं होतं. आत्या तिच्याकडे नुसती बघत राहिली. शेवटी काकूनेच नजर माझ्याकडे वळवली. "ही मोठी झालीय की आता."

"मी नाही," मी म्हटलं.

"तुला कुणी विचारलं नाही."

"तेच म्हणतेय. विचारा. मग मी नाही म्हणते."

"दोघी एकाच माळेचे मणी," काका म्हणाले आणि ताट सरकवून उठले. "दे तो फोन. उद्या मीच बोलतो त्या बाईशी."

"बोला," आत्या म्हणाली. "मुलं तुमची आहेत."

बाबा मात्र तिथेच बसून होते. ते रागावले नव्हते. माप चुकल्यावर बघतात तसे बघत होते. "पण छोटी, एकटी काय करणार आहेस आठ दिवस?"

"ते तुला सांगायला हवं का, दादू?"

बाबांनी जरा विचार केला. "नको," म्हणाले.

आई इतका वेळ भांडी गोळा करत होती. ती हळूच म्हणाली, "तुला सोबत हवी असेल तर मीही राहते. मला बोट लागतेच."

"नको, वहिनी," आत्या म्हणाली. "जा तुम्ही."

आईला ते लागलं. मला दिसलं. आत्यालाही दिसलं असणार, पण तिने शब्द मागे घेतला नाही.

पुढचे दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. काका जेवायला वरच ताट मागवायचे. एजंटबाईंशी तेच बोलले आणि खेकसून बोलले असावेत, कारण नंतर त्यांनी डॉल्फिन पाठवणं बंद केलं. चौघांसाठी बोटीवर ती एकच केबिन शिल्लक होती. बिनखिडकीची. आत्याची बाल्कनी कुणा दुसऱ्यांना गेली. मी आई-बाबांच्या सोफ्यावरच राहिले. एकदा जिन्यात आत्या समोरासमोर आली तेव्हा मी विचारलं, की आता तरी सांग, काय करणार आहेस. मला वाटलं, एवढं झाल्यावर माझा तेवढा हक्क आहे.

"तू तुझ्या बोटीचं बघ," ती म्हणाली आणि बाजूने निघून गेली.

मी तिच्यावर चिडलेय. अजूनही. हे लिहितानाही माझं अक्षर कागदात रुततंय.

निघायच्या दिवशी सकाळी दोन टॅक्स्या आल्या. दर वेळी आत्या बॅगा मोजते, जुळ्यांना बूट घालते, पाण्याच्या बाटल्या भरते. या वेळी ती जुन्या गाऊनवर चहाचा मग घेऊन दारात उभी राहिली आणि तिने एकही पिशवी उचलली नाही. काकूला बूट सापडेनात. शिट्टीने डावा उजव्यात घातला. मी आत्याला म्हटलं, येते. तिने मान हलवली.

टॅक्सीत मला काका आणि जुळ्यांबरोबर बसावं लागलं, दुसरीत सामान होतं म्हणून. मी मागच्या काचेतून बघितलं. आमची टॅक्सी कोपऱ्यावर वळायच्या आत दार लागलंही होतं.

"बघितलंस?" काका म्हणाले. कित्येक दिवसांनी ते माझ्याशी बोलत होते. "हात हलवायलासुद्धा थांबली नाही."

"काका," मी म्हटलं, "भोंगा माझ्या पायावर उभाय. त्याला मांडीवर घ्या."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. मग पायावरचा भार उचलला गेला आणि शेजारी भोंग्याने सूर लावला, अगदी काकांच्या कानाशी.